बाळंतपणाची शिदोरी आणि घरगुती व्हॅक्यूम पॅकिंग मशीन: चार महिन्यांच्या वापरानंतर

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघांनी जर्मनीला जायचे नक्की झाले, त्या संध्याकाळी सासूबाईंनी मला वही घेऊन शेजारी बसवले आणि डिंक, आळीव, खारीक, सुंठ, बाळंतशोपा, मेतकूट, खसखस, खोबरे, साजूक तूप अशी नेण्याच्या जिनसांची यादी सांगायला सुरुवात केली. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, त्या हिशेबाने आमचा मुक्काम ८५ दिवसांचा ठरला होता. तिकिटावर प्रत्येकी २३ किलोची एक बॅग मिळणार होती. सव्वा महिन्याच्या बाळंतिणीचे खाणे, तिच्या नवऱ्याच्या आवडीच्या चटण्या, बाळाची दुपटी आणि आमचे थंडीचे कपडे एवढे सगळे दोन बॅगांत बसवायचे होते. त्यासाठी मी बेळगावच्या गणपत गल्लीतल्या एका दुकानातून घरगुती व्हॅक्यूम पॅकिंग मशीन घेतले. त्याला आता चार महिने झाले. शहापूर, वडगाव, अनगोळ भागातली अनेक मुलेमुली परदेशात आहेत आणि त्यांच्याकडे निघालेल्या आयांची दर दोन-चार महिन्यांनी हीच धावपळ चालते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मशीन मला ३,४०० रुपयांना पडले. पिशव्यांचे रोल वेगळे घ्यावे लागतात. मी २८ सेंटिमीटर रुंदीचा एक आणि २० सेंटिमीटर रुंदीचा एक असे पाच-पाच मीटरचे दोन रोल घेतले. मशीन दिसायला लांबट डब्यासारखे असून वजन दीड किलोच्या आसपास आहे. रोलमधून हवा तेवढा तुकडा कापायचा, एक बाजू मशीनवरच चिकटवून पिशवी तयार करायची, जिन्नस भरायचा आणि पिशवीचे उघडे तोंड फटीत ठेवून झाकण दोन्ही बाजूंनी दाबायचे. पंप हवा ओढून घेतो, पिशवी आतल्या जिनसेला घट्ट लपेटते आणि मग टेफ्लॉनच्या पट्टीखालची तार तापून प्लास्टिकचे दोन्ही पदर एकमेकांना चिकटवते. या पिशवीची एक बाजू आतून खडबडीत, बारीक चौकटींची असते. त्या बारीक चरांतूनच हवा बाहेर निघते. रविवार पेठेत किलोवर मिळणारी साधी गुळगुळीत पिशवी यात चालत नाही, कारण हवा ओढायला लागताच तिचे दोन्ही पदर एकमेकांना चिकटून बसतात आणि आतली हवा आतच राहते. दुकानदाराने ही गोष्ट सांगितली नव्हती. मी पाच-सहा साध्या पिशव्या वाया घालवल्यावर मला ती उमगली.

त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र चुकीची होती, आणि ती मला अधिक गंभीर वाटते. "एकदा पॅक केलं की काय पण नेता येतंय बघा, काकू," असे तो म्हणाला होता. जिन्नस हवाबंद केला म्हणून परदेशातला नियम त्याला लागू व्हायचा राहत नाही. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. लहान बाळाच्या दुधाच्या भुकटीसारखे मोजके अपवाद सोडले तर ही बंदी सरसकट आहे, कारण जनावरांच्या साथीचे रोग दुधामांसावाटे पसरण्याचा धोका असतो. साजूक तूप दुग्धजन्यच. आणि आपला कुंदा तर पहिल्यापासून शेवटपर्यंत आटवलेले दूध, खवा आणि साखर. मुलीला सातव्या महिन्यापासून कुंद्याची आठवण येत होती. फोनवर तिने "आई, येताना कुंदा आणशील की?" असे विचारले, तेव्हा मी हो म्हणून बसले होते. नियम वाचल्यावर तिला नाही म्हणून कळवताना मला फार वाईट वाटले. आटवलेल्या दुधाचा तो दाणेदार, तपकिरी रंगाचा गोळा वडाच्या पानाएवढ्या जागेत मावला असता. मशीनने त्याचे पाकीटही सुबक झाले असते. पण विमानतळावर उतरल्यावर तो काढून टाकावा लागला असता आणि वर दंडाची भीती होतीच.

म्हणून या मशीनचा विचार करणाऱ्या प्रत्येकीला माझे सांगणे आहे की आधी यादी तपासावी आणि मगच पिशव्या कापायला घ्याव्यात. आमच्या यादीतल्या तीन जिनसा अशाच गळल्या. तुपाचे मी वर लिहिलेच आहे. जर्मनीत दुकानात बुटरश्माल्त्स नावाने कढवलेले लोणी मिळते, ते आपल्या तुपाच्या जवळ जाते आणि डिंक त्यात छान फुलतो. सुके खोबरे दुसरे. त्यात तेलाचे प्रमाण जास्त असल्यामुळे ते पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत धरले जाते आणि आपल्याकडच्या विमानतळांवर चेक-इन बॅगेत ते चालत नाही. हे अनेकांना ठाऊक नसते आणि ऐन वेळी बॅग उघडावी लागते. तिकडे कोकोसरास्पेल म्हणून खोबऱ्याचा कीस कोणत्याही किराणा दुकानात मिळतो, तेव्हा अडले काहीच नाही. तिसरी खसखस. जर्मनीत तिला काही आडकाठी नाही, तिथे तर खसखशीचे केक होतात. पण आमचे विमान आखातात बदलायचे होते आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. सामान सरळ पुढे जाणार असले तरी तेवढ्यासाठी जोखीम कशाला घ्यायची, असा विचार करून मी ती काढून ठेवली. सासूबाईंना हे पटवायला दोन दिवस लागले. खसखशीशिवाय डिंकाचा लाडू ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती.

तयार लाडू नेण्याऐवजी लाडवाचे साहित्य न्यायचे ठरल्यावर मशीनचे खरे काम सुरू झाले. आळीव आणि बाळंतशोपा मी मंद आचेवर भाजून घेतल्या, खारका वाळवून त्यांची पूड केली, सुंठ कुटून वस्त्रगाळ केली. भाजल्याने ओल जाते, आणि ओल हीच या मशीनची खरी शत्रू आहे. आमचे शेजारी कानडी आहेत; त्या घरातल्या अक्कांनी गुरेळ्ळूची म्हणजे कारळ्याची चटणी करून दिली, मी शेंगदाण्याची आणि जवसाची केली, आणि सासूबाईंनी या वयातही स्वतः बसून मेतकूट दळून घेतले.

पहिले पाकीट मेतकुटाचे केले आणि तेच फसले. पंप सुरू होताच पिवळी पूड हवेबरोबर वर चढली आणि नेमकी जिथे प्लास्टिक चिकटायला हवे तिथे जाऊन बसली. वरून पाहिले तर सील व्यवस्थित दिसत होते. सकाळी उठून पाहिले तर रात्री विटेसारखे टणक असलेले पाकीट मऊ पडलेले होते. बोटाने दाबले की आतले मेतकूट सरकत होते. पुडीचा एक कण जरी सीलमध्ये राहिला तरी तिथून हवा आत शिरते. यावर मला सापडलेला उपाय सोपा आहे. पूड भरून झाली की पिशवीचे तोंड आतून कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, पुडीवर स्वच्छ मलमलीच्या कापडाची किंवा कागदी रुमालाची घडी ठेवावी, तोंडाकडे चार बोटे जागा मोकळी सोडावी, आणि सील झाल्यावर अर्ध्या बोटाच्या अंतरावर दुसरे सील मारावे. ही घडी पूड अडवते आणि हवा जाऊ देते. या पद्धतीने केलेल्या मेतकुटाच्या एकाही पाकिटात पुढे हवा शिरली नाही.

डिंकाने वेगळाच त्रास दिला. कच्च्या डिंकाचे खडे काचेसारखे धारदार असतात. हवा ओढली जाऊन प्लास्टिक त्यांच्यावर ताणले गेले की एखादा कोपरा पिशवीला बारीक भोक पाडतो. ते डोळ्यांना दिसत नाही, फक्त तासाभराने पाकीट सैल पडलेले दिसते. डिंक आधी जाड तपकिरी कागदात गुंडाळून मग पिशवीत घातला, तेव्हा ही अडचण सुटली. पोह्याच्या चिवड्याचे मात्र या मशीनपुढे काहीच चालले नाही. हवा ओढताच कुरकुरीत पोह्यांचा चुरा झाला, आणि तो आवाज ऐकून सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. नंतर माझ्या लक्षात आले की मशीनवर हवा न ओढता नुसते सील करण्याचे बटण वेगळे आहे. चिवडा, शंकरपाळी यांच्यासाठी तेच वापरावे. सोबतची माहितीपुस्तिका फक्त इंग्रजीत आहे आणि तिच्यात हे बटण एका ओळीत उरकले आहे. पापड मी मशीनच्या वाटेला नेलेच नाहीत. ते चपट्या स्टीलच्या डब्यातून सुखरूप पोहोचले.

शेंगदाण्याच्या चटणीबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण हे मशीन सर्वांत उपयोगी पडते ते इथे. शेंगदाण्यातले तेल हवेतल्या प्राणवायूमुळे हळूहळू खवट होते, आणि एरवी डब्यात ठेवलेली चटणी तीन-चार आठवड्यांत वास मारायला लागते. हवा काढून टाकल्यावर ही खराबी बरीच लांबते. मी प्रत्येक जिनसेचे एक लहान पाकीट मुद्दाम घरीच ठेवून गेले होते. परतल्यावर, म्हणजे पाकीटबंद करून जवळजवळ तीन महिने झाल्यावर, शेंगदाण्याचे पाकीट उघडले. चवीत लसणाचा तिखटपणा थोडा उतरला होता, पण खवटपणाचा लवलेश नव्हता. चटणीत वरून तेल घातलेले असेल तर मात्र ते पंपाकडे ओढले जाते, सील तेलकट होऊन सुटते आणि मशीनलाही वास लागतो. कोरडीच चटणी भरावी.

एका गोष्टीत मी कोणालाही सवलत देणार नाही. सासूबाईंची इच्छा होती की चार पुरणपोळ्या हवाबंद करून न्याव्यात. ओलसर, शिजवलेला पदार्थ हवा काढून फ्रीजबाहेर ठेवणे धोक्याचे आहे. बोटुलिझम नावाची जीवघेणी विषबाधा ज्या जिवाणूमुळे होते, तो प्राणवायू नसलेल्या जागीच वाढतो, आणि त्याच्या विषाचा वास किंवा रंग कळून येईलच असे नाही. पाकीट घट्ट दिसते म्हणून आतला पदार्थ सुरक्षित आहे असे समजणे म्हणजे मशीनकडून त्याच्या ताकदीबाहेरची अपेक्षा करणे होय. बाळंतिणीच्या ताटात तर अशी शंका असलेला घासही जाता कामा नये.

आमची खरी फजिती वजनाने केली. सगळी पाकिटे भरल्यावर पहिली बॅग अर्धीसुद्धा भरली नव्हती, आणि मला फार आनंद झाला होता. यांनी न्हाणीघरातला वजनकाटा आणला, आधी एकटे उभे राहिले, मग बॅग उचलून उभे राहिले, वजाबाकी केली आणि २५ किलो ६०० ग्रॅम असा आकडा सांगितला. मशीन हवा काढते. वजन काढत नाही. घट्ट पाकिटांमुळे जागा उरते, उरलेल्या जागेत आपण आणखी भरत जातो आणि मर्यादा कधी ओलांडली ते कळत नाही. त्या रात्री आम्ही जेवणघराच्या फरशीवर सगळी ३१ पाकिटे पुन्हा मांडली, जड ती दोन बॅगांत विभागली आणि जवसाच्या चटणीची दोन पाकिटे अक्कांकडे ठेवली. दुसऱ्या दिवशी टांगून मोजायचा छोटा काटा विकत आणला. या मशीनबरोबर तो घ्यावाच, असे मी म्हणेन.

खाण्याखेरीज मशीनचा एक उपयोग मला अनपेक्षितपणे लाभला. सासूबाईंनी आपल्या लग्नातल्या जुन्या शहापुरी साडीचे काठ काढून, मऊ झालेल्या सुती पोताची बाळासाठी चार दुपटी शिवली होती. मोठी गोधडी या पिशवीत मावत नाही, पण दुपट्याची घडी २८ सेंटिमीटरच्या पिशवीत नीट बसली आणि हवा निघाल्यावर वहीएवढी चपटी झाली. तिकडे ती पिशवी मुलीने कापली, तेव्हा घडी हळूहळू फुगत वर आली आणि तिने ती नाकाशी नेली. घरातल्या कपाटातल्या वाळ्याचा वास तसाच राहिला होता. वापरण्याआधी ती धुऊन वाळवली, हे सांगायला नकोच.

प्रवासाचे थोडक्यात सांगते. बेळगावहून रात्रीच्या रेल्वेने बेंगळुरू, तिथून आखातमार्गे फ्रांकफुर्ट असा आमचा मार्ग होता. प्रत्येक पाकिटावर मी मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत नाव, घटक आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती. ही सूचना मुलीची, आणि ती फार मोलाची ठरली. हवा काढल्यावर सुंठ, खारकेची पूड आणि भाजलेल्या शोपांची पूड ही सगळी सारखीच तपकिरी विटांसारखी दिसतात. आपल्यालाच ओळखता येत नाहीत, तर तपासणाऱ्या अधिकाऱ्याला कशी ओळखता यावीत? तिथल्या अधिकाऱ्याने दूध किंवा मांस आहे का असे विचारले, दोन पाकिटे हातात घेऊन चिठ्ठ्या वाचल्या आणि जाऊ दिले. गोकाकचा कर्दंट मी बंद वेष्टनातला, घटक छापलेला असा घेऊन हातातल्या बॅगेत ठेवला होता. तळलेला डिंक, गूळ आणि सुकामेवा असलेला हा आपल्या जिल्ह्याचा पदार्थ जणू बाळंतिणीसाठीच जन्मला आहे, आणि कुंदा न मिळाल्याची मुलीची हळहळ त्याने बरीचशी भरून काढली. घरी पोहोचल्यावर मोजले, तेव्हा नेलेल्या २९ पैकी दोन पाकिटे सैल झाली होती. दोन्ही कारळ्याच्या चटणीची, आणि दोन्हींवर मी घाईत एकच सील मारले होते.

आता मशीनच्या उणिवांविषयी. सलग दहा-बारा पाकिटे केली की तापणारी पट्टी अति गरम होते आणि प्लास्टिक चिकटण्याऐवजी वितळून आकसते. दोन पाकिटांमध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे लागते. पुस्तिकेत हे आहे, दुकानात कोणी सांगत नाही. वायर फारच आखूड आहे, त्यामुळे मला ओट्याऐवजी फ्रीजजवळच्या स्टुलावर काम करावे लागले. झाकणाच्या आतली फोमची कड काही दिवसांतच एका टोकाला सुटली आणि हवा नीट ओढली जाईना. दुकानदाराने बदलून द्यायचे कबूल केले, पण सुटा भाग बाहेरून मागवावा लागतो म्हणून आठवड्यामागून आठवडे टोलवत राहिला. निघायला नऊ दिवस उरले असताना शेवटी मी ऑनलाइन मागवला. ज्यांचा प्रवास जवळ आला आहे त्यांनी फोमची एक कड आधीच घेऊन ठेवावी. रोलचा खर्चही धरून चालावे लागतो. पिशवी कापून, धुऊन, वाळवून पुन्हा वापरता येते, पण प्रत्येक वेळी ती दोन बोटे आखूड होत जाते.

परत आल्यावर मशीन माळ्यावर जाईल असे मला वाटले होते. तसे झाले नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात डाळी, रवा, पोहे यांना दमटपणा आणि किडे लागतात. जूनआधीच दोन-दोन किलोची पाकिटे करून ठेवली तर ही काळजी मिटते. बेळगावी बासमतीचा थोडा तांदूळ मी खानापूरकडच्या एका शेतकऱ्याकडून दरवर्षी घेते. त्याचा सुवास पोत्यात उडून जातो. यंदा पाकिटातून काढलेल्या तांदळाचा भात शिजताना वास अंगणापर्यंत आला.

वर्षा-दोन वर्षांतून एकदाच परदेशी जाणाऱ्या घराने एकट्याने हे मशीन घ्यावे का, याचे माझे उत्तर नाही असे आहे. गल्लीतल्या तीन-चार घरांनी मिळून घ्यावे आणि रोल ज्याने त्याने आणावा. आमच्याकडे तसेच झाले आहे. अक्कांचा मुलगा पुढच्या महिन्यात मेलबर्नला शिकायला निघाला आहे. ऑस्ट्रेलियात उतरताना सामानातला खाण्याचा प्रत्येक पदार्थ अर्जावर जाहीर करावा लागतो आणि तिथले तपासनीस या बाबतीत फार कडक असतात, म्हणून परवा आम्ही दोघी कागद घेऊन बसलो आणि पिशव्यांना हात लावण्याआधी यादी केली. त्यांनी पहिल्याच ओळीत कुंदा लिहिला होता. मी तो खोडला, त्याखाली गुरेळ्ळूची चटणी लिहिली आणि पुढे कंसात "दोन सील" अशी नोंद केली.